चौथं बटण

चौथं बटण मी हलवलं होतं. वीज गेली म्हणून ते हललं नाही, कॉम्प्युटर बिघडला म्हणून नाही, आणि तिने तर काहीच केलं नव्हतं. प्रेसमध्ये त्या वेळी जे झालं त्याचा दोष नऊ वर्षं तिच्या माथी राहिला. तो माझा होता. आता हे मी तिला तोंडावर सांगितलं आहे, ज्यांच्या घरचं कार्य होतं त्यांनाही सांगितलं आहे. म्हणून आज लिहायला बसलोय तर हात जड नाही. तिला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिहा काका, पण माझं नाव नको, आणि रडगाणं नको." दोन्ही पाळतो.

प्रेस रत्नागिरीच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत होता. मी तिथे कंपोझिटर, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा. तीस-बत्तीस वर्षं तेच काम केलं. खिळे ठेवायच्या लाकडी पेटीला आम्ही केस म्हणायचो. तिच्यात छोटे छोटे खण, प्रत्येक अक्षराला एक. केसकडे बघत बघत खिळे उचलणारा तो नवशिका. जुन्या माणसाचे डोळे समोरच्या कागदावर असतात आणि हात आपल्या आपण बरोबर खणात जातो. 'र' आणि 'त' हाताशी, 'ज्ञ' लांब कोपऱ्यात. प्रत्येकाने आपल्या सवयीप्रमाणे चार खण इकडचे तिकडे केलेले असत, त्यामुळे माझ्या केसवर दुसऱ्याला काम करता येत नसे आणि मला त्याच्या. म्हणून आमच्यात एक नियम होता. दुसऱ्याच्या केसला हात लावायचा नाही. अडचणीत लावावा लागलाच तर सांगायचं. चहा पिता पिता सांगितलं तरी चालेल, पण सांगायचं. कारण ज्याचा हात आंधळेपणाने खणात जातो, त्याला न सांगता खण बदलणं म्हणजे अंधारात त्याच्या वाटेत पाट ठेवण्यासारखं. हा नियम प्रेसमध्ये आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला मीच शिकवत असे. ते ध्यानात ठेवून पुढचं वाचावं.

अठ्ठ्याण्णव साल संपता संपता मालकांनी खिळे वजनावर मोडीत काढले आणि कॉम्प्युटर आणला. सेकंडहँड होता, पडदा रंगीत नव्हता, काळा-पांढरा. त्याच्यासाठी प्लायवूडची खोली केली, दाराला पडदा लावला आणि बाहेर पाटी लावली, चपला काढून आत यावे. मालकांच्या आईने आल्या आल्या त्याला हळदकुंकू वाहिलं. मला त्यांनी काढलं नाही. "तुम्ही प्रुफं बघा, कटिंगवर लक्ष ठेवा," म्हणाले. उपकारच होते, पण रोज सकाळी येऊन रिकाम्या भिंतीकडे बघायचो. केस जिथे होत्या तिथे भिंतीवर तेवढे चौकोन पांढरे राहिले होते.

कॉम्प्युटर चालवायला ती आली. चोविशी-पंचविशीची असेल. सासर दाभोळकडचं. नवरा लग्नानंतर तीन वर्षांत आजारपणात गेला आणि ती रत्नागिरीला माहेरी परत आली. भावाने तिला कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स करायला लावला होता. कपाळ मोकळं, हातात घड्याळ, आणि बोलणं एकदम चटपटीत. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "काका, एवढी वर्षं खिळे जुळवलेत, तर पाठ असतील ना सगळे खण?"

"झोपेत विचार," मी म्हटलं.

"मग मला कागदावर काढून द्या."

मला वाटलं, थट्टा करते आहे. पण तिने खरंच वही पुढे केली. मी केसचा नकाशा काढून दिला. ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "म्हणजे जे जास्त लागतं ते हाताशी, आणि ज्यांची चुकून गल्लत व्हायची भीती ते एकमेकांपासून लांब. होय ना?"

"होय तर. तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच सांगितलंत की आता."

दोन दिवसांनी तिने मला पडद्याआड बोलावलं. लिहिण्याच्या त्या प्रोग्राममध्ये वरच्या बाजूला चित्रांच्या बारीक बटणांच्या पट्ट्या असत. त्यांना टूलबार म्हणतात, ती नुसतं पट्टी म्हणायची. तिने माउसने एक बटण धरलं, ओढत ओढत खाली आणलं आणि पानावर सोडलं. बटण गायब.

"अगो, मेलं की ते!"

"मेलं कसलं? इंग्रजी स्पेलिंग तपासायचं होतं. आपल्याला काय त्याचं? पाहिजे तेव्हा परत आणता येतं."

मग तिने एक नवीन, रिकामी पट्टी केली आणि तिच्यावर आपली बटणं मांडली. प्रेसमध्ये रोज काय छापायचो आम्ही? लग्नपत्रिका, निकाहाची कार्डं, बारशाची, उत्तरकार्याची, आणि मिरजोळ्याच्या कारखान्यांची बिलं. कार्डांची काही वाक्यं ठरलेली असतात. ती दर वेळी टाइप करण्यापेक्षा एका बटणात भरून ठेवायची, बटण दाबलं की अख्खी ओळ पानावर येते, टाइपासकट, आकारासकट. पहिलं बटण 'श्री'चं. दुसरं निकाहाच्या कार्डावरचं ७८६. तिसरं वेलबुट्टीची चौकट. चौथं 'आपले विनीत', म्हणजे लग्नपत्रिकेत खाली घरच्यांची नावं येतात त्यांच्या डोक्यावरची ओळ. पाचवं 'शोकाकुल', उत्तरकार्याच्या कार्डावर त्याच जागी येणारी. बटणांची चित्रंही तिनेच काढली होती. सोळा उभे, सोळा आडवे असे चौकोन दिसतात, त्यातले भरायचे, ठिपक्यांच्या रांगोळीसारखे. चौथ्यावर जोडलेले हात. पाचव्यावरही जोडलेले हात, फक्त खाली एक रेघ जास्त.

मी म्हटलं, "ही दोन शेजारी नकोत."

"माहीत आहे मला, काका. पुढच्या आठवड्यात खाली वेगळी पट्टी करते शोकाकुलची. आज ही बिलं संपवू दे."

तो पुढचा आठवडा आलाच नाही, कामं येत गेली. हे मी तिचा दोष म्हणून लिहीत नाही. उलट तिला धोका दिसला होता आणि मलाही दिसला होता, एवढ्यासाठी लिहितो.

आता माझं.

ती जेवायला घरी जायची, एक ते अडीच. मालकही जायचे. मी डबा घेऊन प्रेसमध्येच असायचो. मला तो कॉम्प्युटर शिकायचा होता, पण साठीला आलेला माणूस, ज्याने निम्म्या रत्नागिरीच्या पत्रिका जुळवल्या, त्याने त्या पोरीसमोर बसून माउस कसा धरायचा हे शिकायचं? मला ते जमलं नाही. तिने दोनदा आपणहून विचारलंन, "बसता का काका, दाखवते." मी म्हटलं, "आता काय करायचंय शिकून." आणि रोज दुपारी चपला बाहेर काढून, पडदा ओढून, चोरासारखा तिच्या खुर्चीवर बसायचो. कोऱ्या पानावर चार ओळी टाइप करायचो, पुसायचो, ती यायच्या आत उठायचो.

एका दुपारी डाव्या हाताचा अंगठा कीबोर्डच्या खालच्या ओळीतल्या एका कळीवर राहिला होता. त्या कळीचं नाव ऑल्ट, हे मला खूप नंतर कळलं. ती दाबलेली असताना पट्टीवरचं बटण माउसने ओढलं तर ते जागचं हलतं. मला काही ओढायचं नव्हतं, दाबायला गेलो आणि माउस सरकला. माझ्या डोळ्यांदेखत चौथं बटण पाचव्याच्या अंगावरून पलीकडे जाऊन बसलं.

मी घाबरलो. काही मोडलं का? बटणं मोजली. पाच होती, पाच आहेत. खिळा पडला की आम्ही असंच मोजायचो, संख्या बरोबर तर सगळं बरोबर. त्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर दोन जोडलेले हात मला सारखेच दिसले. परत ओढायला गेलो तर हललंच नाही, कारण अंगठा आता कळीवर नव्हता. मी माउस सोडला, खुर्ची होती तशी सरकवली आणि बाहेर येऊन डबा उघडला. ती अडीचला आली तेव्हा मी सांगायला हवं होतं. 'तुझ्या पट्टीवर काहीतरी हललं माझ्याकडून', एवढंच. पण ते सांगायचं तर मी तिथे बसलो होतो हेही सांगावं लागलं असतं. मी तिला विचारलं, "ऊन आहे का गो बाहेर?"

त्याच दुपारी एक लग्नपत्रिका छपाईला जायची होती. संगमेश्वरकडच्या गावातले शेतकरी गृहस्थ, मोठ्या मुलीचं लग्न. पहिलं प्रूफ त्यांनी पाहून मंजूर केलेलं होतं. मग आयत्या वेळी फोन आला, नावांमध्ये एक चुलते राहिले, ते घाला. तिने खालचा सगळा भाग काढला, चौथं बटण दाबलं, खाली नावं पुन्हा घातली. बटणाकडे तिने बघितलं नाही. का बघेल? तिचा हातही तयार झाला होता.

दुरुस्तीचं प्रूफ माझ्याकडे आलं. आमची पद्धत अशी की दुसऱ्या प्रुफात दुरुस्ती तेवढी बघायची, सगळं परत वाचत बसायचं नाही. तीही पद्धत तिला मीच सांगितली होती. मी चुलत्यांचं नाव बघितलं, बरोबर होतं, खाली सही केली. तीनशे पत्रिका लाल शाईत छापून झाल्या.

चौथ्या दिवशी सकाळी ते गृहस्थ प्रेसमध्ये आले. हातात एकच पत्रिका, कोपऱ्याला कुंकू लावलेली. आपल्याकडे पहिली पत्रिका ग्रामदेवाला. गुरव ती देवासमोर मोठ्याने वाचतो आणि मग गाऱ्हाणं घालतो, म्हणजे घरच्यांसाठी देवाकडे मागणं मागतो. तोवर बाकीच्या वाटत नाहीत.

"वाचा," ते मालकांना म्हणाले. "आमच्या गुरवान वाचलंन तशी वाचा. मोठ्यान."

मालक वाचू लागले. श्री, कुलस्वामिनी, मुहूर्त, मांडव. नावांवरच्या ओळीपाशी ते थांबले.

"थांबलात ना? आमचा गुरवपण थांबला. सगळी भावकी उभी होती पाठीमागं. लग्नाच्या पत्रिकेवर आमी शोकाकुल? कोण मेलं वो आमच्यात? माझी बायको तितंच बसली खाली." मग त्यांनी विचारलं, "कोणी केलंन हे?"

ती पडद्यातून बाहेर आली होती. "मी टाइप केलं," म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. म्हणजे तिच्या कपाळाकडे बघितलं. एक शब्द बोलले नाहीत. मालकांनी हात जोडले, दुपारपर्यंत नवीन पत्रिका छापून देतो म्हणाले, दिल्याही. दोन दिवसांनी त्या देवापुढे गेल्या आणि लग्न ठरल्या दिवशी झालं. तेवढ्यापुरतं सगळं निभावलं.

ते गृहस्थ गेल्यावर मालक तिच्याकडे वळले. ती कॉम्प्युटरसमोरच उभी होती. "मालक, हे बघा. मी नेहमी चौथं दाबते. चौथं विनीतचं. आता चौथ्या जागी शोकाकुल आहे. कोणीतरी हलवलंय."

"बटणाला काय पाय फुटले?"

"मला माहीत नाही. पण मी हलवलेलं नाही."

"बाय, इथे बसतं कोण? तू एकटी. काका तर त्याला हात लावत नाहीत. होय ना काका?"

मी म्हणालो, "प्रूफ मी वाचलं. सही माझी आहे. चूक माझीपण आहे."

हे वाक्य मी नऊ वर्षं स्वतःला पुन्हा पुन्हा ऐकवलं. ते खोटं नव्हतं. मी लहान चुकीआड मोठी लपवली, एवढंच. मालक म्हणाले, "तुमची नजर चुकली काका, वय झालं. तो वेगळा मुद्दा." आणि मग तिला, हळू आवाजात, जणू तिच्या भल्यासाठी, "यापुढे लग्नाच्या पत्रिका तुझ्याकडे नकोत. लोक बोलतात. माणसं मनाला लावून घेतात. तू बिलं कर, उत्तरकार्याची कर."

त्या दिवशी तिने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर पडद्याच्या तळाला एक वेगळी पट्टी केली आणि शोकाकुलचं बटण उचलून तिच्यावर नेऊन ठेवलं. एकटंच. मी दारातून बघत होतो. डोळे पुसत नव्हती, काही नाही. फक्त माउस जरुरीपेक्षा जोरात आपटत होती.

बाजारपेठ लहान. दोन महिन्यांत गिऱ्हाइकं येऊन विचारू लागली, "पत्रिका कोण करणार? ती नको हां." मालकांनी लग्नाच्या पत्रिका बाहेरून करून आणायला सुरुवात केली. वर्षभराने तिने नोकरी सोडली आणि एस.टी. स्टँडच्या बाजूला एका गाळ्यात स्वतःचं टाकलं. बाहेर पाटी होती, 'टायपिंग, झेरॉक्स, अर्ज, बिले, प्रश्नपत्रिका, उत्तरकार्य'. मी येता-जाता ती पाटी वाचायचो. प्रूफ वाचणाऱ्याला काय आहे त्यापेक्षा काय राहिलं ते आधी दिसतं. पाटीवर लग्नपत्रिका नव्हती.

सांगायचं मी अनेकदा ठरवलं. एकदा तिच्या गाळ्यापर्यंत गेलो आणि रेशनकार्डाची झेरॉक्स काढून परत आलो. घरात रेशनकार्डाच्या झेरॉक्स इतक्या झाल्या की बायको म्हणाली, "एवढ्या कशाला? घरात लागतात का भिंतीला चिकटवायला?" बायको गेली तेव्हा तिच्या उत्तरकार्याची कार्डंही मी त्याच गाळ्यात करून घेतली. तिने पैसे घेतले नाहीत. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि कारण बायकोचं जाणं एवढंच नव्हतं.

दोन हजार आठ साल असेल. मी पेन्शनच्या अर्जासाठी तिच्याकडे गेलो होतो. गाळ्यात नवा कॉम्प्युटर, पडदा रंगीत, आणि ती कपाळाला आठ्या घालून बसलेली.

"काय गो, काय झालं?"

"काय सांगू काका. नवीन मशीन, प्रोग्रामपण नवीन आलाय. जुन्या पट्ट्या सगळ्या काढून टाकल्यात मेल्यांनी. वर हा एवढा रुंद पट्टा दिलाय, त्यात माझं एक बटण नाही." मग हसली. "मालक म्हणायचे तसं झालं. बटणांना पाय फुटले परत."

ती सहज बोलली. टोमणा नव्हता. पण माझ्या हातातला अर्ज खाली पडला. मी खुर्चीवर बसलो आणि म्हणालो, "पाय फुटले नव्हते. चौथं बटण मी हलवलं."

"कोणतं चौथं?"

"विनीतचं. तेव्हाचं. प्रेसमध्ये."

तिने माउस सोडला. मी सगळं सांगितलं. दुपारचं बसणं, अंगठा, मोजलेली पाच बटणं, ऊन आहे का म्हणून विचारलेलं. मध्ये एक मुलगी झेरॉक्सला आली, तिला तिने हाताने थांबवलं, मग म्हणाली, "नंतर ये." मी संपवलं. तिने पहिलं जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"अंगठा ऑल्टवर होता? नक्की?"

"खालच्या ओळीत, डावीकडे."

तिने जुन्या मशीनचा कीबोर्ड कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवला. "दाखवा."

मी अंगठा ठेवला. तिने बघितलं आणि खुर्चीत मागे टेकली. "म्हणजे मी नव्हते," म्हणाली. पुन्हा म्हणाली, "म्हणजे मी नव्हते, काका. नऊ वर्षं मला वाटतंय की मीच कधीतरी हलवलं असेल आणि विसरले असेन. अजून प्रत्येक कागदाची शेवटची ओळ मी तीन तीनदा वाचते. बिलाची सुद्धा. 'चूक भूल द्यावी घ्यावी' हे तीनदा वाचते मी."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"नका बोलू. आता तुम्ही घरी जा. मला राग आलाय आणि तुमचं वय झालंय. उगाच काहीतरी बोलेन मी."

मी उठलो. पायरी उतरलो तेव्हा मागून हाक आली. "काका! मला सांगून काय उपयोग? मला तर आता कळलं. ज्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं त्यांना सांगा."

रस्त्यावर आलो तर मला हलकं वाटत होतं. लाज वाटायला हवी होती, ती होतीच, पण तिच्यावर तरंगत हे हलकेपण होतं. तिने रागावून मला एक काम दिलं होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला काय करायचं ते ठाऊक होतं.

दोन दिवसांनी सकाळच्या एस.टी.ने गेलो. गाव विचारत विचारत पोचलो. ते गृहस्थ खळ्यात लाकडी फळीने भात पसरून वाळत घालत होते. केस पांढरे झालेले, मला ओळखलं नाही. प्रेसचं नाव सांगितलं तेव्हा हातातली फळी थांबली.

"शोकाकुलवाले?"

"होय."

"आता काय ऱ्हायलंय?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. कॉम्प्युटर, पट्टी, बटण हे त्यांना कसं समजवायचं याचा गाडीत विचार केला होता. मी म्हटलं, तुमच्या घरात फळीवर मिठाचा डबा आणि साखरेचा डबा असतो. बाईमाणूस बघत नाही, हात घालते. मी तिच्या मागे जाऊन डबे बदलले आणि सांगितलं नाही.

ते ऐकत होते. मग फळी भिंतीला टेकवली आणि ओरडले, "अगो, बाहेर ये! हे बघ कोण आलंय. आपल्या पत्रिकेत माणूस मारलान तो ह्यो!"

त्यांची बायको बाहेर आली. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार, आणि ऐकून घ्यायची माझी तयारी होती. तिने सगळं परत सांगायला लावलं, मधे मधे विचारत राहिली. शेवटी म्हणाली, "पोरगी आमची बरी हाय. दोन पोरं हायत. जावई बरा हाय. ते जाऊ द्या. त्या बाईचं काय झालं?"

मी सांगितलं. पाटीवर काय आहे आणि काय नाही, तेही सांगितलं.

गृहस्थ खाली बसले. "मी तिला काय बोललो नव्हतो," म्हणाले.

"नव्हता बोललात. बघितलंत तेवढं," मी म्हटलं.

"होय. बगितलं मी. घरी येऊन हिला बोललो. हिनं शेजारी सांगितलंन." बायकोने मान खाली घातली. मग ते म्हणाले, "तुमी देवाजवळ सांगितलंत का हे?"

"तिला सांगितलं. तुम्हाला सांगितलं."

"मग झालं. तोच देव." आणि त्यांनी मला भात खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. सोबत कुळथाची पिठी होती आणि सुकटाची चटणी. मी तीनदा भात घेतला. घरी आजकाल मी एकदाही धड घेत नाही.

दिवाळीनंतर ते रत्नागिरीला आले, आधी माझ्या घरी आणि मग मला घेऊन तिच्या गाळ्यावर. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. खिशात चार घड्या केलेला कागद. तिने त्यांना ओळखलं. उठून उभी राहिली. त्यांनी कागद काउंटरवर ठेवला आणि तळहाताने सपाट केला.

"बाय, मागच्या टायमाला मी चुकलो. पत्रिका तुझ्याकडंच करायची, असं ही बोलली घरातून निघताना. आणि मी पण."

तिने कागद उचलला. वाचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, या इकडे. बसा शेजारी."

नव्या प्रोग्राममध्ये सगळ्यात वर, डाव्या कोपऱ्यात, एक लहानशी पट्टी असते. तेवढीच आपल्या मनाप्रमाणे मांडता येते. तिने इतक्या महिन्यांत तिथे आपली बटणं बसवली होती. श्री, ७८६, चौकट. पुढे बिलाचं डोकं. विनीतचं नव्हतं, कारण ते तिला लागतच नव्हतं. शोकाकुल मी शोधलं, ते तिथे नव्हतं. "ते मी बटणात ठेवतच नाही आता," ती म्हणाली. "हाताने टाइप करते. प्रत्येक वेळी. जड शब्द आहे, जरा वेळ लागू दे."

तिने 'आपले विनीत' टाइप केलं, आकार दिला, बटणात भरलं. पडद्यावर एक यादी आली, तिच्यात बटण वर किंवा खाली सरकवता येतं.

"कुठे ठेवू?"

"चौथं," मी म्हटलं. "हात तिथेच जाईल तुझा."

तिने ते चौथं केलं. माउस माझ्याकडे सरकवून म्हणाली, "दाबता?" मी नको म्हटलं. माझे दोन्ही हात मी मांडीवर ठेवले होते. गृहस्थ म्हणाले, "नकाच दाबू तुमी," आणि ती हसली. नऊ वर्षांनी माझ्यासमोर मोकळी हसली.

प्रूफ तिने मलाच वाचायला दिलं. चुलत्यांपासून मांडवापर्यंत सगळं वाचलं, दोनदा, आणि सही करायच्या आधी तिच्या हातात देऊन तिलाही वाचायला लावलं. दुरुस्तीनंतरचं प्रूफही तसंच. दुरुस्ती तेवढी बघायची ही माझी पद्धत मी त्या दिवशी मोडीत काढली.

पहिली पत्रिका देवाला न्यायच्या दिवशी आम्हा दोघांना बोलावणं होतं. ती यायला तयार नव्हती. "मी कशाला तिथे," म्हणत होती. त्या घरची बाई सकाळच्या गाडीने स्वतः आली आणि तिला घेऊन गेली. मी त्यांच्या मागच्या बाकावर होतो. दोघी वाटभर कोणत्या तरी वरणाबद्दल बोलत होत्या.

देवळात गुरव तोच होता, आता म्हातारा झालेला. त्याने पत्रिका डोळ्यांजवळ धरली आणि मोठ्याने वाचू लागला. मुहूर्त झाला, मांडव झाला. ती खांबाशी उभी होती, ओठ हलत होते. गुरवाबरोबर ती मनात वाचत होती. नावांवरची ओळ आली.

गुरव थांबला नाही.